ग्राफिक्सच्या कामासाठी प्रोसेसर घेताय? आधी आपलं काम कुठे अडतं ते बघा

फोंड्यात माझ्याकडे कॉम्प्युटर जोडून घ्यायला येणाऱ्यांत जत्रेचे बॅनर आणि नाटकांची पोस्टरं करणारे आहेत, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आहेत, पणजीला आल्तिनोवर कला किंवा वास्तुकला शिकणारी मुलंही आहेत. कामं वेगवेगळी, पण पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "आय सेव्हन घेऊ की आय नाइन?" मी उलट विचारतो, "तुझं काम नेमकं कुठे थांबतं? कशावर क्लिक केल्यावर वाट बघत बसावं लागतं?" बहुतेकांना याचं उत्तर लगेच देता येत नाही. ते उत्तर कसं शोधायचं आणि त्यावरून प्रोसेसर कसा ठरवायचा, तेच इथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर म्हार्दोळकडचा एक डिझायनर आला होता. त्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून सर्व्हरमधून काढलेला दोन प्रोसेसरांचा जुना कॉम्प्युटर घेतला होता. मिळून वीस कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणारे वीस भाग. आणि कोरल ड्रॉमध्ये सावल्या टाकलेली मोठी बॅनरची फाइल हलवली की पडदा अडखळायचा. घरातल्या चार कोअरच्या साध्या कॉम्प्युटरवर तीच फाइल जास्त सुरळीत चालायची. मशीन बिघडलेलं नव्हतं. वीस कोअरपैकी प्रत्येक कोअर संथ होता, आणि त्याचं काम एका वेळी एकाच कोअरवर चालणारं होतं. वर्षातले सगळ्यात कमाईचे तीन आठवडे त्याने त्या मशीनवर घालवले. ते आठवलं की आजही वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांची तपासणी आधी केली असती तर ते टळलं असतं.

पायरी १: आहे त्या कॉम्प्युटरवर मोजून बघा

स्वतःचा कॉम्प्युटर नसेल तर मित्राचा किंवा कॉलेजच्या लॅबमधला चालेल. ही पायरी मात्र गाळू नका.

तुमची खरी, सगळ्यात जड फाइल उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, म्हणजे विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयू निवडा, आलेखावर राइट क्लिक करा आणि ‘चेंज ग्राफ टू’ मधून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ घ्या. आता एका मोठ्या आलेखाऐवजी छोटे छोटे चौकोन दिसतील, प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे कोअर एका वेळी चालवू शकतो त्या कामाच्या प्रत्येक धाग्याचा, एक. मग जिथे रोज वाट बघावी लागते तेच काम करा: फिल्टर लावा, एक्सपोर्ट द्या, रेंडर सुरू करा. घड्याळ लावून वेळ वहीत लिहा आणि काम चालू असताना आलेख बघा.

सगळे चौकोन वरपर्यंत भरले, तर तुमचं काम कोअरमध्ये वाटलं जातंय. जास्त कोअर घेतले तर फायदा आहे.

एकूण वापर अगदी थोडा दिसतो आणि तरीही कॉम्प्युटर रेंगाळतो, तर काम एकाच कोअरवर अडलं असण्याची शक्यता मोठी. इथे पुष्कळ लोक फसतात. सोळा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण राबत असला तरी एकूण आकडा ६ टक्क्यांच्या आसपासच दिसतो, कारण १०० भागिले १६ म्हणजे सव्वासहा. त्यातून विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत असतं, त्यामुळे एखादा चौकोन कायम भरलेलाही दिसत नाही. "प्रोसेसर तर ६ टक्केच चाललाय, म्हणजे दोष त्याचा नाही" असा निष्कर्ष काढू नका. अशा वेळी हवा असतो तो वेगवान कोअर. कोअरची संख्या वाढवून काही होत नाही.

प्रोसेसर शांत आहे आणि ग्राफिक्स कार्ड तापलंय, तर पैसे कार्डात घालायचे. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचा ‘थ्रीडी’ आलेख रिकामा दिसला तरी घाई करू नका. रेंडरचं काम पुष्कळदा ‘कूडा’ किंवा ‘कॉम्प्यूट’ या नावाच्या आलेखात दिसतं, तो त्याच जागी क्लिक करून निवडता येतो. नाहीच सापडला तर शेजारी कार्डाचं तापमान लिहिलेलं असतं, ते चढतंय का बघा.

आणि मेमरी पूर्ण भरून डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर नव्या प्रोसेसरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. रॅम वाढवा. अशा कितीतरी जणांना मी नुसती रॅम घालून परत पाठवलंय.

पायरी २: आपलं सॉफ्टवेअर कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

चवथीला गणपतीवर माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट बांधतात तेव्हा काय होतं ते आठवा. सामान गोळा करायला दहा माणसं रानात गेली तर काम झटपट उरकतं. पण प्रत्यक्ष बांधायला स्टुलावर दोघंच उभे राहू शकतात. बाकीच्यांनी खालून फळं हातात द्यायची. आणखी दहा माणसं बोलावली म्हणून गाठी लवकर बसत नाहीत.

प्रोसेसरचंही असंच असतं. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला, तो आज त्यांच्या नावाने नियम म्हणून ओळखला जातो. आकड्यांत बघा. एक काम एका कोअरवर दहा मिनिटांचं आहे, त्यातली सहा मिनिटं वाटून घेता येतात आणि चार मिनिटं येत नाहीत. सहा कोअर लावले तर ४ अधिक १, म्हणजे पाच मिनिटं. बारा लावले तर साडेचार. चोवीस लावले तर सव्वाचार. सहावरून चोवीसवर जायला तुम्ही दुपटीतिपटीने पैसे मोजले आणि पाऊण मिनिट वाचवलं.

आता नावं घेऊन सांगतो. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरल ड्रॉ यांत रोजचं बहुतेक काम एका किंवा मोजक्या कोअरवर चालतं. फोटोशॉपचे काही फिल्टर सगळे कोअर वापरतात, काही कार्ड वापरतात, पण ब्रश ओढणं, लेयर हलवणं, अक्षरं जुळवणं यांत एका कोअरचा वेगच जाणवतो. ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिटमध्ये मॉडेल उभं करण्याचं कामही याच जातीचं.

वास्तुकलेच्या मुलांचा गोंधळ होतो तो रेंडरिंगला. स्केचअपमध्ये मॉडेल करणं आणि त्याचं चित्र काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांच्या गरजाही वेगळ्या. कोरोना हे रेंडर इंजिन फक्त प्रोसेसरवर चालतं आणि मिळेल तो प्रत्येक कोअर वापरतं. लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन आणि डी५ यांचा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. व्ही-रे दोन्हीवर चालतं. ब्लेंडरचं सायकल्सही दोन्हीवर चालतं, पण बरं कार्ड असेल तर त्यावरच जास्त जलद. म्हणून कॉलेजमध्ये किंवा ज्या ऑफिसात नोकरीला जायचं आहे तिथे कुठलं इंजिन वापरतात हे विचारून घ्या. कोरोना वापरणाऱ्याने कोअरवर पैसे घालायचे आणि लुमियन वापरणाऱ्याने कार्डावर. हे उलटंपालटं झालं तर भरपूर खर्चूनही मशीन संथच राहतं.

व्हिडिओवाल्यांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे दहा बिटची ४:२:२ एचईव्हीसी फाइल देतात, म्हणजे रंगांचा जास्त तपशील ठेवून दाबून लहान केलेला व्हिडिओ. ती दिसते लहान, पण उलगडायला फार जड असते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला, म्हणजे क्विक सिंक नावाच्या सोयीला, ही फाइल थेट उलगडता येते. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आली ती २०२५ मध्ये, आरटीएक्स ५० मालिकेपासून. त्याआधीचं कार्ड असेल आणि प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन असेल, तर हा सगळा भार कोअरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. तेव्हा आपला कॅमेरा कुठल्या फॉर्मॅटमध्ये रेकॉर्ड करतो हे आधी मेनूत जाऊन बघा. लग्नसराईत चार तासांचं फुटेज समोर असताना हा शोध लागला तर फार उशीर झालेला असतो.

आफ्टर इफेक्ट्स २०२१ पासून एका वेळी अनेक फ्रेम रेंडर करू शकतं, त्यामुळे तिथे कोअर कामी येतात, मात्र प्रत्येक कोअरला पुरेल इतकी रॅमही लागते.

पायरी ३: नाव वाचायला शिका

"आय सेव्हन" हे अर्धंच नाव आहे. २०१७ सालचा आय७-७७०० चार कोअर आणि आठ थ्रेडचा होता. पुढे आलेल्या आय५-१४४०० मध्ये दहा कोअर आणि सोळा थ्रेड आहेत. नुसत्या सात आणि पाच या आकड्यांवर गेलात तर जुना प्रोसेसर मोठा वाटेल. दुकानदाराने आय सेव्हन म्हटलं की पुढचा आकडा विचाराच.

इंटेलमध्ये २०२१ च्या बाराव्या पिढीपासून दोन प्रकारचे कोअर येतात, मोठे वेगवान आणि छोटे काटकसरी. आय५-१४४०० चे दहा म्हणजे सहा मोठे आणि चार छोटे. कोरल, फोटोशॉप, स्केचअपला मोठे हवेत. रेंडरला छोट्यांचीही मदत होते. एएमडीच्या डेस्कटॉपसाठीच्या ९००० मालिकेतल्या एक्सवाल्या प्रोसेसरांत सगळे कोअर मोठ्याच जातीचे आहेत.

शेवटची अक्षरंही बघा. इंटेलचा ‘के’ म्हणजे वेग वाढवण्याची मोकळीक. ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. हा थोडा स्वस्त मिळतो, पण व्हिडिओच्या कामाला मी तो कधीच सुचवत नाही, कारण मघाशी सांगितलेलं क्विक सिंक त्यात येत नाही. शिवाय कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं तर पडद्यावर काहीच दिसणार नाही, आणि गोव्यातून वॉरंटीला गेलेलं कार्ड यायला दिवस लागतात. एएमडीचा ‘एक्स३डी’ म्हणजे जादा कॅश, प्रोसेसरमधलीच जलद मेमरी. त्याचा मोठा फायदा गेम खेळणाऱ्यांना होतो, फोटोशॉपला नाही.

पायरी ४: आता निवडा

बॅनर, पोस्टर, पत्रिका, फोटो, दोन मितींतली ड्रॉइंग: सहा वेगवान कोअर पुरतात. रायझन ५ ९६००एक्स किंवा इंटेलचा कोअर अल्ट्रा ५ २४५के बघा. इथे वाचलेले पैसे चांगल्या मॉनिटरला द्या. रंगांचं काम करणाऱ्याने मॉनिटरमध्ये काटकसर केली की छापून आलेला रंग बघून गिऱ्हाईक परत येतं.

थोडं डिझाइन, थोडा व्हिडिओ, अधूनमधून थ्रीडी: बहुतेक स्टुडिओ याच गटात बसतात. आठ कोअरचा रायझन ७ ९७००एक्स, किंवा कोअर अल्ट्रा ७ २६५के, ज्यात आठ मोठे आणि बारा छोटे असे वीस कोअर आहेत. यात व्हिडिओ जास्त असेल तर माझं मत क्विक सिंकमुळे २६५के कडे झुकतं.

रोज तासन्‌तास प्रोसेसरवर रेंडर चालणार असेल, तरच सोळा कोअर आणि बत्तीस थ्रेडच्या रायझन ९ ९९५०एक्सकडे किंवा चोवीस कोअरच्या कोअर अल्ट्रा ९ २८५के कडे जा. त्याच्याही वर थ्रेडरिपर आणि झिऑन आहेत. एका मशीनमध्ये दोनतीन कार्डं बसवायची असतील किंवा प्रचंड रॅम लागणार असेल तेव्हा ते लागतात. नवख्याने त्या वाटेला जायचं कारण नाही.

इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा प्रोसेसर स्वस्तात, विशेषतः वापरलेला मिळत असेल तर सावध राहा. त्यांपैकी काहींना व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त जाऊन ते अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये हे मान्य करून मायक्रोकोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमध्ये दुरुस्त्या दिल्या आणि बॉक्समधल्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवीन घेऊन पहिल्याच दिवशी मदरबोर्डचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, ताजं केलंत तर हरकत नाही. पण आधीच झिजलेला प्रोसेसर बायोस बदलून बरा होत नाही, म्हणून या दोन पिढ्यांतला वापरलेला मी घेत नाही.

पायरी ५: बोर्ड आणि रॅम

एएमडीचं एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, २०२२ मध्ये आलं आणि निदान २०२७ पर्यंत ते चालवण्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. म्हणजे आज सहा कोअर घेऊन दोनतीन वर्षांनी त्याच बोर्डवर मोठा प्रोसेसर बसवण्याची वाट मोकळी राहते. इंटेलच्या चौदाव्या पिढीचं सॉकेट तिथेच संपलं. कोअर अल्ट्राला वेगळा बोर्ड लागतो. शिकणाऱ्या मुलांना मी एएम५ सुचवतो ते याच कारणाने.

रॅम दोन काड्यांत घ्या. एकच काडी टाकली तर अर्धा रस्ता बंद राहतो. चारही खोबणी भरण्याचा मोहही आवरा, कारण रायझन ९००० वर दोन काड्यांना डीडीआर५-५६०० चा वेग अधिकृतपणे मिळतो, तो चार काड्यांना ३६०० वर उतरतो. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन. डिझाइनला ३२, थ्रीडी आणि व्हिडिओला ६४ हे माझं माप. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या आहेत, म्हणून कोटेशन मागताना आधी रॅमचा आकडा बघा आणि उरलेल्या पैशांत प्रोसेसर बसवा.

पायरी ६: गोव्याची हवा आणि गोव्याची वीज

मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत रेंडर लावून बघितलंय का? रायझन ९ ९९५०एक्सचं अधिकृत माप १७० वॅट आहे, पण पूर्ण भाराखाली तो त्याहून बराच जास्त घेतो. आय९-१४९००के २५३ पर्यंत. ही सगळी उष्णता त्याच खोलीत सुटते. रायझन ७ ९७००एक्स मात्र ६५ वॅटचा आहे आणि भाराखाली ८८ च्या आसपास राहतो. एसी नसेल तर हा फरक पंख्याच्या आवाजात आणि स्वतःच्या घामात कळतो. मोठाच रायझन हवा असेल तर बायोसमध्ये इको मोड लावा. वीज बरीच कमी लागते आणि वेग त्या मानाने थोडाच उतरतो.

समुद्रालगत राहणाऱ्यांनी, मिरामार म्हणा, कळंगुट म्हणा, मशीन उघड्या खिडकीजवळ ठेवू नये. खारा वारा धातूचे संपर्क खातो. डिचोली आणि सांगे भागात खाणीच्या रस्त्यालगत तांबडी धूळ असते, तिथे पुढे जाळी असलेलंच कॅबिनेट घ्या आणि जाळी महिन्याला झाडा. पावसाळ्यात काम नसलं तरी मशीन दिवसाआड तासभर चालू ठेवावं, आत ओल धरत नाही.

पावसाच्या पहिल्या गडगडाटाला वीज कशी जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. ग्राफिक्स कार्डासकट पूर्ण राबणारं मशीन त्याहून जास्त मागतं, आणि मग वीज जाताच यूपीएससकट सगळं बंद पडतं. प्रोसेसर, कार्ड आणि मॉनिटर यांचे वॅट जोडा, वर चौथा हिस्सा राखून ठेवा आणि त्या मापाचा घ्या. शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा, कारण काही चांगले एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारे डबे, स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर टिकत नाहीत. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

पायरी ७: खरेदी

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठेही घ्या, पण निदान दोन कोटेशनं घ्या, आणि ती तोंडी नकोत. प्रत्येक भागाचं पूर्ण नाव लिहून मागा. "आय सेव्हन, ३२ जीबी, ग्राफिक्स कार्ड" असं कोटेशन निरुपयोगी आहे. १८ टक्के जीएसटी धरून किंमत आहे की वरून लागणार, तेही लिहून घ्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला हवा. ट्रेचा, म्हणजे खोक्याविना सुटा मिळणारा थोडा स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर असते. खोक्यावरचा सीरियल नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या. मुंबई-पुण्याहून ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

पायरी ८: घरी आणल्यावर

मॉनिटरची वायर मदरबोर्डला लागलीय की ग्राफिक्स कार्डाला, हे आधी बघा. कार्ड आहे आणि वायर बोर्डला, अशी मशीनं मी वारंवार पाहतो. मग बायोसमध्ये रॅमचं एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का बघा, नाहीतर घेतलेला वेग मिळत नाही. सिनेबेंच २०२४ हे प्रोसेसर तपासणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं; सगळ्या कोअरची चाचणी त्याच्या ठरलेल्या दहा मिनिटांपर्यंत चालू द्या आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. मोठे रायझन पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातात आणि ते त्यांच्या मर्यादेत आहे. पण ६५ वॅटचा प्रोसेसर मिनिटभरात तिथे पोचला तर कूलर नीट बसलेला नाही, किंवा त्याच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय. ते दुकानदाराकडून त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

हे सगळं झालं की वही काढा. पहिल्या पायरीत जी फाइल उघडली होती तीच उघडा, तेच काम करा, घड्याळ लावा आणि नवी वेळ जुन्या वेळेच्या शेजारी लिहा. म्हार्दोळच्या त्या डिझायनरने पुढच्या वर्षी सहा कोअरचं मशीन घेतलं, तेव्हा त्याच्या वहीत बॅनरच्या एक्सपोर्टपुढे ‘साडेचार मिनिटं’ लिहिलेलं होतं. त्याने ते खोडलं नाही, खाली ‘एक मिनिट दहा सेकंद’ लिहिलं आणि चवथीच्या ऑर्डरी घ्यायला लागला.